दुसऱ्याच्या मापाची गाडी

रविवारी भल्या पहाटे, अन्नपूर्णा मंदिराच्या महाद्वाराचे हत्ती अजून अंधारात उभे असतात, तेव्हाच आमच्या रस्त्यावरून चार-सहा उंच मोटारसायकली निघतात. राऊ, महू, आणि तेथून मानपूरच्या वाटेने जानापावच्या पायथ्याशी, अथवा सिमरोलचा घाट उतरून चोरलच्या बाजूला. डांबरी रस्ता सोडून दगडगोट्यांतून, नाल्यांतून आणि काळ्या मातीतून गाडी न्यावयाची व उन्हे तापण्याच्या आत घरी परतावयाचे, असा या मुलांचा क्रम. त्यांच्यात माझा भाचाही असे. ‘असे’ म्हणावयाचे कारण, गेल्या हिवाळ्यात जानापावजवळच्या एका दगडी उतारावर तो गाडीवरून पुढच्या बाजूला फेकला गेला, त्याचे हासळीचे हाड मोडले, आणि माझ्या धाकट्या बहिणीने गाडीची किल्ली आणून माझ्या कपाटात ठेवली. “दादा, ही आता तुझ्याकडेच राहू दे. गाडी विकून टाकू,” एवढेच ती बोलली.

आई म्हणून तिचे म्हणणे चुकीचे होते असे मी कसे म्हणू? परंतु हात गळ्यात बांधून बसलेला भाचा पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होता: “मामा, मी फार वेगात नव्हतो. मागचे चाक एकाएकी उसळले आणि मी हँडलवरून पुढे गेलो.” अपघातानंतर प्रत्येकजण असेच काही सांगतो, हे मला ठाऊक आहे. तरीही गाडी विकावयाची तर तिच्यात दोष आहे की नाही हे पाहूनच विकावी, नाहीतर तो दोष दुसऱ्या एखाद्या आईच्या दारी जाईल, असा विचार करून मी ती आमच्या अंगणात आणवली. पुढच्या तीन रविवारी जे कळले ते या महिन्याच्या लेखाचा विषय आहे. ज्यांच्या घरी अशी उंच गाडी आहे, किंवा घ्यावयाची चर्चा चालू आहे, अशा आईवडिलांनी तो वाचावा अशी विनंती आहे.

जुन्या इंदुरात टांग्यातून हिंडलेल्या वाचकांना आठवत असेल, की चार माणसे चढली की टांगेवाला मागे वळून पाही आणि म्हणे, “साहेब, जरा पुढे सरका.” मागे भार फार झाला तर टांगा उलाळ होई, दांड्या वर उचलल्या जात आणि घोड्याचे पाय जमिनीवर नीट ठरत नसत, पुढे भार फार झाला तर तो सारा घोड्याच्या पाठीवर येई. खालची कमान कितीही उत्तम असो, पुढचा आणि मागचा भार जुळल्याखेरीज टांगा नीट चालत नसे. मोटारसायकलीचे तत्त्व यापेक्षा फारसे निराळे नाही. फरक एवढाच, की येथे ‘पुढे सरका’ म्हणणारा कोणी नसतो. ते काम आपण पाना हाती घेऊन आधीच करून ठेवावयाचे असते.

गाडीच्या प्रत्येक चाकाशी दोन वस्तू काम करतात. एक स्प्रिंग आणि दुसरा तेलाचा दांडा, म्हणजे डॅम्पर. आपल्याकडे दोन्ही मिळून ‘शॉकअप’ किंवा ‘शॉकर’ म्हणतात, आणि त्यामुळेच दोहोंच्या कामाची गल्लत होते. कचेऱ्यांच्या दारांवर आपोआप दार बंद करणारे यंत्र बसवलेले असते, ते आठवावे. आतली स्प्रिंग दार ओढते; परंतु दार धाडकन आपटत नाही, कारण आतले तेल बारीक छिद्रातून सावकाश जाते आणि त्या वेगाला आवर घालते. स्प्रिंग भार तोलते, तेल तिला शिस्त लावते. स्प्रिंगचा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६७८ साली प्रसिद्ध केला: जेवढा भार, तेवढे दबणे. तेलाचा नियम वेगळा आहे. ते भाराला नव्हे, वेगाला विरोध करते. दांडा जितक्या वेगाने सरकेल, तितका अडथळा अधिक.

मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असण्याची आपल्याला बुलेट आणि येझदीपासून सवय होती. बेल्जियमचे एक अभियंते ल्युसिएन टिल्कन्स यांनी दोहोंच्या जागी एकच मोठा शॉकअप बसवण्याची रचना केली. ती यामाहाने घेतली, आणि त्या रचनेच्या गाडीवर स्वीडनच्या हाकन अँडरसनने १९७३ मध्ये २५० सी.सी. मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले. तेव्हापासून खडकाळ वाटेच्या गाड्यांची चाके अधिकाधिक खालीवर होऊ लागली. आपल्या देशात २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनला पुढे २०० आणि मागे १८० मि.मी. चाल होती. २०१९ च्या हीरो एक्सपल्स २०० ला १९० आणि १७० मि.मी. होती, तर तिच्याच २०२३ च्या प्रो आवृत्तीत ती २५० आणि २२० मि.मी. झाली व पुढचे-मागचे दोन्ही शॉकअप जुळवून घेण्याची सोयही आली. चाल वाढली तसा गाडीचा गुण वाढला. परंतु चुकीचे जुळवण्याची संधीही त्याच प्रमाणात वाढली.

आता आमच्या अंगणाकडे वळू. साहित्य अगदी साधे: मोजपट्टी, खडू, वही आणि तीन माणसे. गाडी लाकडी ठोकळ्यावर चढवून मागचे चाक मोकळे लोंबू दिले. चाकाच्या आसापासून सरळ वर, मागच्या मडगार्डवर खडूची खूण केली. अंतर भरले ६१२ मि.मी. मग गाडी जमिनीवर उभी करून, दोनदा दाबून सोडली आणि पुन्हा मोजले. पुन्हा ६१२. म्हणजे रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने एक मि.मी.ही खाली बसत नव्हती! यानंतर भाच्याने हेल्मेट, बूट, गुडघ्यांची कवचे असा सारा जामानिमा चढवला. खांदा तोवर जुळला होता, तरी मी त्याला धरूनच बसवले. तो बसल्यावर अंतर झाले ५७७. एकूण बसणे केवळ ३५ मि.मी.

हे आकडे का बोलके आहेत ते सांगतो. स्वार बसल्यावर मागची बाजू एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे शंभरात तीस ते तेहेतीस, खाली बसावी असा संकेत आहे. याला ‘सॅग’ म्हणतात. भाच्याच्या गाडीची चाल २०० मि.मी.; म्हणजे ६० ते ६५ मि.मी. बसावयास हवे होते. रिकामी गाडी स्वतः सुमारे २० मि.मी. बसली पाहिजे. ज्या शर्यतीच्या गाड्यांना ३०० मि.मी. चाल असते, त्या स्वारासह सुमारे १०० मि.मी. बसवतात. पुष्कळांना वाटते की गाडी जितकी कमी बसेल तितकी चांगली. तसे नाही. चाकाला जसे वर यावयाचे असते, तसेच खाली जावयाचेही असते. वाटेत खड्डा आला की ज्या चाकापाशी खाली उतरण्याची शिल्लकच नाही, ते हवेत तरंगते. आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक, ना पकड.

ही अवस्था आली कशी? भाच्याने सांगितले, की त्याच्या एका मित्राची गाडी याच बनावटीची. तो उत्तम चालवतो, आणि त्याच्या गाडीचा मागचा नट शेवटपर्यंत कसलेला आहे. ‘कच्च्या वाटेला स्प्रिंग कडक हवी’ असे सांगून त्याने याचाही नट तितकाच कसून दिला. मित्राचे वजन ९२ किलो, भाच्याचे ५८. मी काही बोलण्याआधीच माझी बहीण दारातून म्हणाली, “म्हणजे त्याच्या मापाचा सदरा याला घातला!” इतका वेळ ती अंगणात पाऊलही टाकीत नव्हती.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉकअपवरचा गोल नट कसल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिला आगाऊ दाबून ठेवलेली असते, एवढेच. यालाच ‘प्रीलोड’ म्हणतात. एक मि.मी. दाबण्यास तिला जितका भार लागत होता, तितकाच नंतरही लागतो. फरक पडतो तो गाडीच्या उंचीत. स्प्रिंग खरोखर कडक हवी असेल तर ती बदलून अधिक कडक स्प्रिंग घ्यावी लागते. ती बदलावयाची की नाही, हे कसे ओळखावे? स्वारासह सॅग बरोबर आणून मग रिकाम्या गाडीचा सॅग मोजावा. रिकामी गाडी जवळजवळ बसतच नसेल, तर स्प्रिंग स्वाराच्या मानाने नरम आहे, म्हणूनच तिला इतके आवळावे लागले. रिकामी गाडी फार बसत असेल, तर स्प्रिंग स्वाराच्या मानाने कडक आहे. हे उलटे वाटते, परंतु दोन मिनिटे विचार केल्यास पटते. याचा अर्थ असा, की त्या मित्राच्या गाडीलाही कसलेला नट हा इलाज नव्हता. त्याच्या वजनाला स्प्रिंगच दुसरी हवी होती. भाच्याने उसने घेतलेले माप मूळ मालकालाही नीट बसत नव्हते.

आम्ही वरचा अडकवणारा नट सैल केला, स्प्रिंगच्या फटीतली माती पाण्याने धुऊन काढली, कारण मातीसकट नट फिरवला तर आटे खराब होतात, आणि हुक पान्याने एकेक फेरी सोडीत, दर वेळी मोजीत गेलो. शेवटी रिकामी गाडी २० आणि भाच्यासह ६१ मि.मी. बसू लागली. त्याच्या वजनाला मूळची स्प्रिंग अगदी योग्य होती.

पुढचे चाक त्याच रीतीने मोजले. तेथे चालीच्या चौथाईच्या आसपास, किंवा थोडे अधिक, बसणे चालते. ते ५२ मि.मी. भरले, म्हणजे ठीकच होते. आता दोन्ही टोके एकत्र पाहू. मागची बाजू पूर्वी असावयास हवी त्यापेक्षा २६ मि.मी. उंच होती. दोन्ही चाकांमधले अंतर साडेचौदाशे मि.मी.च्या घरातले, म्हणजे सारी गाडी सुमारे एक अंशाने नाकावर झुकलेली होती. एक अंश म्हणजे सपाट रस्त्यावर काही नव्हे. परंतु उतारावर आधीच भार पुढे आलेला असतो, त्यात पुढचा ब्रेक लावला की पुढचा चिमटा आणखी दबतो, आणि हँडल चंचल होते. टांगेवाल्याने अशा वेळी सगळ्यांना मागे सरकावयास सांगितले असते.

उसळण्याचे कोडे मात्र तेलापाशी सुटले. तेलाचा विरोध दोन दिशांचा असतो. चाक वर येताना होतो तो दाबाचा, म्हणजे कॉम्प्रेशन. आणि दबलेली स्प्रिंग पुन्हा उलगडताना होतो तो परतीचा, म्हणजे रिबाउंड. भाच्याच्या मागच्या शॉकअपला खालच्या टोकाशी परतीचा एक स्क्रू आहे. तो उजवीकडे हलक्या हाताने, अडेपर्यंत फिरवीत ‘टक् टक्’ मोजावयाचे. ही बंद अवस्था, आणि सारी गणती येथून. जोराने आवळला तर आतल्या सुईच्या टोकाला इजा होते. आमचा स्क्रू बंद अवस्थेपासून १८ टक् उघडा निघाला. गाडीच्या पुस्तिकेत १२ दिलेले होते. म्हणजे स्प्रिंगला आगाऊ दाबून तिची उसळी वाढवली होती, आणि त्याच वेळी परतीचा लगाम कारखान्याने सांगितल्यापेक्षाही ढिला ठेवला होता. दगडावरून उतरताना मागचे चाक दबले, आणि सुटलेल्या धनुष्यासारखी गाडीची पाठ वर फेकली गेली. भाचा म्हणत होता ते खोटे नव्हते.

पुढच्या चिमट्याला या गाडीत स्क्रू नाहीत. पुष्कळ गाड्यांत नसतात. याचा अर्थ तेथे करण्यासारखे काही नाही असा मात्र नव्हे. आत तेल असते, ते जुने होते. आम्ही काढले तेव्हा ते काळ्या चहासारखे निघाले. पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे तेल, दोन्ही नळ्यांत अगदी समान उंचीपर्यंत भरले. समान का? कारण तेलाच्या वर कोंडलेली हवा हीदेखील एक स्प्रिंगच असते. तेल दहा मि.मी. वर चढवले तर हवेची जागा कमी होते आणि चिमटा शेवटच्या टप्प्यात अधिक कडक होतो. चिमटा तळाला आपटत असेल तर एवढा फरकही जाणवतो. तापल्यावर किंवा उंच डोंगरावर गेल्यावर आत हवेचा दाब वाढतो. ज्या चिमट्यांना वर हवा सोडण्याचे स्क्रू असतात, ते पुढचे चाक जमिनीवरून उचलून, मोकळे लोंबत ठेवूनच उघडावेत.

अंगणातली परीक्षा एवढ्यावर संपली. वाटेवरची उरली होती. गावाबाहेर एक किलोमीटरची कच्ची वाट निवडली, जिच्यात थोडे दगड, एक खड्डा आणि लहानसा उतार होता. नियम तीन ठरवले. पहिला, आधी टायरची हवा तपासावयाची, कारण हवा चुकली तर पुढचे सारे निष्कर्ष चुकतात. दुसरा, दहा मिनिटे चालवून शॉकअपमधले तेल गरम झाल्यावरच पारख करावयाची; तापलेले तेल पातळ होते आणि गार असताना जुळवलेली गाडी वेगळी वागते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, एका वेळी एकच बदल, दोन टक्‌पेक्षा अधिक नाही, त्याच वाटेवर, त्याच वेगाने. आणि लगेच वहीत नोंद.

भाचा चालवीत होता, मी पाहत होतो. बारावर गाडी खड्ड्यानंतर दीड वेळा हलून थांबे. दहावर केली तेव्हा एकदा उसळून ठरली. उत्साहाने आठावर नेली, तर लागोपाठच्या दगडांवर ती दर दगडागणिक थोडी अधिक खाली बसू लागली. परत उलगडण्यास वेळच मिळेना, आणि चौथ्या-पाचव्या दगडाला चाल संपून धक्का पाठीत आला. लगाम ढिला असला तर गाडी फेकते, फार आवळला तर ती दबूनच राहते. पुन्हा दहावर आलो आणि तेथे थांबलो. एवढे करण्यास सारी सकाळ गेली, आणि त्या वेळात आम्ही अंतर कापले ते जेमतेम वीस किलोमीटर.

या सगळ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की नट आणि स्क्रू जुळले म्हणजे मूल सुखरूप. त्या उतारावर भाच्याने दगड उशिरा पाहिला, घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि अंग मागे नेले नाही, हे त्याने मला नंतर स्वतःच सांगितले. उत्तम जुळवलेली गाडी चुकीला थोडी अधिक क्षमा करते, इतकेच. पावसाळ्यात माळव्याची काळी माती चाकांना लोण्याच्या गोळ्यासारखी चिकटते, तेव्हा कोणताही शॉकअप कामास येत नाही. तेथे घरी बसणे हाच उपाय. आणि स्प्रिंगच्या आतल्या तेलाच्या दांड्यातून गळती दिसत असेल, तर स्क्रू फिरवीत न बसता गाडी सरळ जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी. त्या नळकांड्यात कित्येकदा मोठ्या दाबाचा वायू भरलेला असतो, तो घरी उघडण्याची वस्तू नव्हे.

तरीही आईवडिलांना एक सुचवावेसे वाटते. मुलगा अशी गाडी आणील तेव्हा किंमत आणि वेग यांखेरीज एक तिसरा प्रश्न विचारावा: “ही तुझ्या वजनाला जुळवली आहेस का? वही दाखव.” गाडीत जितके काही फिरवता येते, त्याचे मूळ आकडे वहीच्या पहिल्या पानावर असावेत, म्हणजे वाट चुकली तर परत येण्यास ठिकाण राहते. ज्याच्यापाशी वही आहे, तो मुलगा गाडीकडे डोळसपणे पाहू लागला आहे असे समजावे. भाच्याला मी किल्ली एकदम दिली नाही; दोन महिने कच्च्या वाटेवर एकट्याने जावयाचे नाही, ही अट त्याने मान्य केली.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही शेवटची मापे घेत होतो. गाडी धरणारा मी, बसणारा भाचा. मोजणारे कोणी नव्हते. माझ्या बहिणीने काही न बोलता मोजपट्टी उचलली, चष्मा नीट केला आणि आकडा वाचला, “पाचशे एक्कावन्न.” मग वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला. थोड्या वेळाने तिने विचारले, “मागे कोणी बसले तर हे सगळे बदलेल ना?” मी म्हटले, “बदलेल. भार बहुतेक सारा मागच्या चाकावर येतो. नट तितक्या फेऱ्या कसावा लागेल, आणि उतरल्यावर तितक्याच फेऱ्या सोडावा लागेल.” ती क्षणभर गाडीकडे पाहत राहिली. “मग माझेही माप घेऊन ठेवा. मंगळवारी मला देवळात जायचे असते, रिक्षा मिळत नाही.”

ती पदर खोचून मागच्या सीटवर बसली. आम्ही मोजले, नट फिरवला, पुन्हा मोजले. वहीच्या त्या पानावर आता शेवटची ओळ भाच्याच्या अक्षरात आहे: ‘आई मागे: पाच फेऱ्या उजवीकडे. उतरल्यावर पाच डावीकडे.’ किल्ली माझ्या कपाटात नाही.